पुनरुज्जीवनाचा मंत्र

वर्षाच्या अखेरीस घर कानाकोपऱ्यासह झाडून काढण्याची चाल जपानांत जुनी आहे. आपल्याकडे दिवाळीपूर्वीं होतें तसेंच. अशा वेळीं माळ्यावरच्या एखाद्या पेटींतून शाळेची जुनी वही बाहेर येते. तींत गणित नाहीं कीं निबंध नाहीं. पानांमागून पानें हिरागाना अक्षरांनीं भरलेलीं, पांच, सात, पांच आणि तीन अशा गटांत मांडलेलीं. आणि वाचूं गेल्यास एकाहि ओळीला अर्थ म्हणून नाहीं. पहिले तीन गट हायकूच्या मापाचे, पण हायकू नव्हे. पन्नाशीच्या घरांत आलेला गृहस्थ मात्र ती वही उघडतो आणि हातांतला झाडू बाजूला ठेवतो. त्याच्या बाळपणाचें एक राज्य त्या ओळींत कुलूपबंद होऊन पडलेलें असतें.

त्या राज्याचें नांव ‘ड्रॅगन क्वेस्ट’. २७ मे १९८६ रोजीं निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठीं एनिक्स कंपनीनें हा खेळ बाजारांत आणला. खेळणारानें एका वीराची भूमिका घ्यावयाची, गांवोगांव चौकशी करीत हिंडावयाचें, राक्षसांशीं लढून अनुभव जोडावयाचा आणि अखेर ड्रॅगनांच्या राजाला गांठावयाचें, असा त्याचा घाट. भूमिका घेऊन खेळण्याची ही तऱ्हा मूळची अमेरिकेंतली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं कागद, पेन्सिल आणि फांसे यांवर ती बसविली. १९८१ सालीं ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ या खेळांनीं ती संगणकावर नेली. युजी होरी आणि कोइची नाकामुरा या दोन जपानी तरुणांना तिचें वेड लागलें. परंतु ते खेळ महागड्या संगणकांचे आणि चिवट वृत्तीच्या प्रौढांचे. शाळेंतून आलेलें पोर दूरदर्शनसंचासमोर बसून तो खेळेल कसा, हा होरीचा प्रश्न होता.

त्यानें शोधलेलें उत्तर मोठें साधें आहे. खेळ सुरू होतो तो राजाच्या बंद दालनांत. दार कुलूपबंद आणि किल्ली जवळच्या पेटींत. पेटी उघडणें, किल्ली घेणें, दार उघडणें, जिना उतरणें एवढें केल्यावांचून बाहेर पडतां येत नाहीं, आणि एवढें केलें कीं खेळाची सारी बाराखडी गिरवून होते. शिकवणी झाली हें मुलाला कळतहि नाहीं. राक्षसांचीं चित्रें ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा यांनीं काढलीं, भीति वाटावी अशा ठिकाणीं त्यांनीं हसऱ्या चेहऱ्याचा एक निळा थेंब उभा केला. संगीत कोइची सुगियामा यांचें. या गृहस्थांनीं त्याच कंपनीच्या बुद्धिबळासारख्या एका खेळाबद्दल आपला अभिप्राय पत्रानें कळविला होता. त्या पत्रावरून त्यांना बोलावणें गेलें. खेळ बाजारांत आला तेव्हां त्यांचें वय ५५ वर्षांचें होतें.

तोच खेळ आज पुन्हां हातीं घेणारा प्रथम दचकतो. स्मरणांतला अफाट प्रदेश अवघ्या ६४ किलोबाइटांत मावलेला आहे; खिशांतल्या फोननें काढलेल्या एका छायाचित्रासहि याहून कितीतरी अधिक जागा लागते. जागेच्या टंचाईपायीं काताकाना लिपींतलीं थोडींच अक्षरें घेतलीं आणि नांवें तेवढ्यांतूनच घडविलीं. वीराची पाठ काढावयास जागा नव्हती; म्हणून तो सदैव आपल्याकडे तोंड करून खेकड्यासारखा चालतो, आणि कोणाशीं बोलावयाचें झाल्यास पूर्व, पश्चिम, उत्तर कीं दक्षिण हें सांगावें लागतें. बाळपणीं यांतलें कांहींच उणें वाटलें नव्हतें. उरलेली भर मुलानेंच घातली होती.

आतां वहीकडे वळावें. खेळलेलें जपून ठेवण्याची सोय त्या यंत्रांत नव्हती. राजाकडे गेलें कीं तो वीस अक्षरांचा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. तो उतरून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा भरावयाचा. वीराचें नांव, अनुभव, द्रव्य आणि शस्त्रें हें सारें त्या अक्षरांत गुंफलेलें असे. जुन्या संचाच्या धूसर पडद्यावर ‘नु’ आणि ‘मे’, किंवा ‘बे’ आणि ‘पे’ हीं अक्षरें सहज फसवीत. घाईनें लिहिलेला आपला ‘घ’ आणि ‘ध’ आठवावा. एक अक्षर चुकलें कीं मंत्र नाकारला जाई आणि आदल्या दिवशींची सारी मेहनत फुकट. २६ जानेवारी १९८७ रोजीं आलेल्या दुसऱ्या भागांत तर मंत्राची लांबी ५२ अक्षरांपर्यंत गेली. किती मुलें त्यापायीं रडलीं याची मोजदाद कोणीं केलेली नाहीं.

१० फेब्रुवारी १९८८ रोजीं तिसरा भाग आला तो बुधवार होता. दुकानांपुढें रांगा लागल्या, आणि शाळा बुडवून त्यांत उभीं राहिलेलीं शेंकडों मुलें पोलिसांनीं अडविलीं. चौथा भाग पुढें रविवारीं विक्रीस आला. सरकारनें तसा कायदा केला ही मात्र निव्वळ कंडी. तिसऱ्या भागांत मंत्र गेला आणि नाण्याएवढी एक बॅटरी आली. तिच्या जोरावर तीन ‘साहसाच्या पोथ्या’ खेळाच्या डबीतच राहत. सुधारणा मोठी, पण नाजूक. यंत्राला धक्का लागला कीं शापाची सुरावट वाजे आणि आपली पोथी नाहींशी झाल्याचा खेदपूर्वक निरोप पडद्यावर येई. बॅटरीचें आयुष्यहि ठरलेलें. आज ती डबी काढून लावणारास बहुधा कोरी पोथी मिळते. बॅटरी नवी बसवितां येते. लिहिलेलें परत येत नाहीं.

मग तो नव्यानें आरंभ करतो, आणि खरी गांठ येथें पडते. सोळाव्या वाढदिवशीं आई वीराला उठविते आणि राजाच्या किल्ल्याकडे घेऊन जाते. पिता ओर्तेगा मोहिमेवर गेला तो परतला नाहीं. पुढें वीर केव्हांहि घरीं आला तर आई त्याला निजावयास सांगते. एरवीं प्रत्येक धर्मशाळेंत पैसे पडतात, येथें पडत नाहींत. दहा वर्षांच्या मुलानें याचा अर्थ ‘फुकटची धर्मशाळा’ एवढाच घेतला होता. शेवटीं शत्रूच्या गडांत ओर्तेगा भेटतो, पण मरतांना. डोळ्यांपुढें अंधारी आल्यामुळें समोर आपलेंच मूल आहे हें त्याला कळत नाहीं, आणि त्या मुलासाठीं तो त्याच्याजवळच निरोप देतो. विजय मिळतो, उत्सव होतो, आणि वरच्या जगाकडे जाणारी वाट बुजून जाते. आई तिकडेच राहते. मुलानें टाळ्या पिटल्या होत्या. प्रौढ माणूस यंत्र बंद करावयाचें विसरून बसतो. १९९६ च्या सुपर फॅमिकॉमवरील आवृत्तींत ओर्तेगाला जिवंत करण्याची सोय केली गेली. ती दयाळूपणाची असली तरी जुन्या शेवटाचा कस तिला नाहीं.

२३ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिकांत प्रेक्षकांविना पडलेल्या मैदानावर खेळाडूंचें संचलन सुरू झालें तें या खेळाच्या नांदीवर. सुगियामा तेव्हां ९० वर्षांचे होते. ३० सप्टेंबरला ते वारले. तोरियामा १ मार्च २०२४ रोजीं गेले, आणि तिसऱ्या भागाची नव्यानें चितारलेली आवृत्ति १४ नोव्हेंबरला आली. तींत खेळ आपोआप जपला जातो; वहीचें काम उरलेलें नाहीं.

पहिल्या भागाची डबी मात्र अद्याप वहीवरच चालते. तींत बॅटरी नाहीं, म्हणून संपण्यासारखें कांहीं नाहीं. पिवळ्या पडलेल्या पानावरचीं वीस अक्षरें, पांच, सात, पांच, तीन, बेतानें भरलीं आणि १९८६ सालच्या हातानें तीं बरोबर उतरविलेलीं असलीं, तर राजा सिंहासनावरून म्हणतो कीं तूं परत आलास याचा फार आनंद झाला. आणि पुढच्या पायरीस अजून किती अनुभव कमी पडतो तो आंकडा सांगतो.