मधुमेहाच्या उंबरठ्याचा इतिहास



मनुष्य निरोगी कोठवर आणि रोगी कोठून, हा प्रश्न ऐकावयास सोपा आहे. पण त्याचें उत्तर शोधतांना वैद्यकशास्त्राचीं शतकेंच्या शतकें खर्चीं पडलीं आहेत. आजच्या भाषणांत या प्रश्नाचें एकच उदाहरण आपणांपुढें ठेवावयाचें आहे. ज्यांना मधुमेह आहे असें कोणींहि सांगितलेलें नाहीं, जे आपापल्या उद्योगांत मग्न आहेत, परंतु ज्यांच्या रक्तांत साखर वाजवीपेक्षां कांहींशी अधिक आहे, अशा प्रौढ माणसांचा हा इतिहास आहे. मी डॉक्टर नव्हें. शाळेंत इतिहास शिकविण्यांत ज्याची हयात गेली असा एक शिक्षक आहें. तेव्हां औषध सांगणें हें माझें काम नव्हे. ही अवस्था ओळखावयास मनुष्य कसा शिकला, एवढेंच सांगण्याचा विचार आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं प्रमेहाचे वीस प्रकार मानिले आणि त्यांतील एकास मधुमेह हें नांव दिलें. चरकसंहितेच्या निदानस्थानांत प्रमेहाचीं पूर्वरूपें, म्हणजे रोग प्रगट होण्यापूर्वींचीं चिन्हें, दिलीं आहेत. केसांच्या जटा होणें, तोंडास गोडी येणें, घसा कोरडा पडणें, हातापायांस बधिरपणा व दाह होणें, आळस वाढणें, आणि अंगाकडे व मूत्राकडे मुंग्यांनीं धांव घेणें, अशीं तीं चिन्हें आहेत. यावरून पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. मूत्रास मुंग्या लागतात तेव्हां बहुधा रोग उंबरठा ओलांडून घरांत शिरलेला असतो. पण रोगाच्या आधींहि एक अवस्था असते आणि ती ओळखणें हें वैद्याचें कर्तव्य आहे, हा विचार त्यांचा आहे, व तो थोर आहे.

युरोपांत मूत्राच्या गोडीची नोंद थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें १६७४ सालीं केली. त्यानंतर शंभर वर्षांनीं, १७७६ मध्यें, लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉबसन यानें एका रोग्याचें मूत्र आटवून त्यांतून पांढरा, साखरेच्या चवीचा गोळा काढून दाखविला. त्यानें याहून महत्त्वाचें असें आणखी एक केलें. रोग्याच्या रक्तांतील पाणी चाखून पाहिलें, आणि तेंहि गोड लागलें. साखर मूत्रपिंडांत उत्पन्न होत नसून रक्तांतून येते, असें अनुमान त्यावरून निघालें. रक्तांतील साखरेचा इतिहास येथून सुरू होतो, आणि त्याचें पहिलें उपकरण म्हणजे एका वैद्याची जीभ होय.

तथापि रक्तांत साखर असणें हाच रोग, अशी समजूत त्यानंतरहि बराच काळ होती. ती मोडली क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें. ज्या जनावरांना केवळ मांस खावयास घातलें होतें, त्यांच्याहि यकृतांतून निघणाऱ्या रक्तांत त्याला साखर सांपडली. यकृत स्वतःच साखर तयार करितें, हें त्यानें १८४८ च्या सुमारास दाखविलें. आणि १८५७ मध्यें ज्या रूपानें ती तेथें साठविलेली असते तो पदार्थहि वेगळा काढला. मग प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. रक्तांत साखर आहे कीं नाहीं हें विचारण्यांत अर्थ उरला नाहीं. ती किती आहे, हें विचारावें लागलें. आणि 'किती' म्हटलें कीं सीमारेषा आलीच.

ती मोजावयाची कशी? मूत्र तपासणें सोपें. पण मूत्रपिंड रक्तांतील साखर सहसा बाहेर जाऊं देत नाहींत. शंभर मिलिलिटर रक्तांत तिचें प्रमाण सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेलें म्हणजेच ती मूत्रांत उतरते. धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहूं लागलें म्हणजे धरण भरल्याचें साऱ्या गांवास कळतें. पण पाणी सांडव्याच्या चार बोटें खालीं आलें आहे, हें कळण्यास पट्टीवरचा आंकडाच वाचावा लागतो. स्वीडनमधील लुंड येथील प्राध्यापक ईवार बांग यानें १९१३ मध्यें रक्ताच्या अवघ्या कांहीं थेंबांवरून साखर मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. ही पट्टी हातीं आली, आणि निरोगी दिसणाऱ्या माणसांचें रक्त वारंवार तपासणें शक्य झालें.

त्याच सुमारास हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन यानें एक मौजेची गोष्ट दाखविली. भ्यालेल्या मांजराच्या मूत्रांत साखर उतरते, असें त्यास १९११ मध्यें आढळलें. मग विद्यापीठाच्या फुटबॉल संघांतील २५ जणांची तपासणी झाली. अटीतटीच्या सामन्यानंतर १२ जणांच्या मूत्रांत साखर निघाली. आणि त्यांतील पांच जण तर मैदानांत उतरलेहि नव्हते, केवळ बाहेर बसून हुरहुर सोसत होते! भीति, चिंता, ताप, शस्त्रक्रिया यांनींहि साखर तात्पुरती चढते. एकदां वाढलेल्या आंकड्यावरून कोणाच्या कपाळीं रोगाचा शिक्का मारूं नये, हा धडा यांतून मिळाला.

१९२१-२२ मध्यें टोरंटो येथें इन्सुलिन हातीं आलें आणि ज्ञात रोग्यांना जीवदान मिळालें. परंतु अज्ञात असे किती? याचा पहिला विश्वसनीय अंदाज अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतल्या ऑक्सफर्ड नांवाच्या लहानशा गांवानें दिला. प्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉस्लिन यांचें हें जन्मगांव. तेथील ४,९८३ वस्तीपैकीं ३,५१६ जणांची तपासणी विल्करसन व क्रॉल या डॉक्टरांनीं केली आणि १९४७ सालीं ती प्रसिद्ध झाली. मधुमेही निघाले ७०. त्यांतील ४० जणांस आपला रोग ठाऊक होता. ३० जणांस त्याची वार्ताहि नव्हती. शेजारच्या घरांत, बाजारांत, देवळांत रोज भेटणारीं हीं माणसें होतीं.

पुढें १९६२ मध्यें इंग्लंडांतील बेडफर्ड गांवीं अशीच मोठी तपासणी झाली, आणि निरोगी व रोगी यांच्या मधोमध उभा असलेला एक मोठा समूह स्पष्ट दिसूं लागला. त्याला नांव काय द्यावें? 'सुप्त मधुमेह', 'रासायनिक मधुमेह', 'सीमेवरील मधुमेह' अशीं नांवें प्रचारांत आलीं. आणि त्यांनीं अनर्थहि केला. रोग नसलेल्या माणसास रोगाचें नांव चिकटलें कीं विम्याचे दरवाजे बंद होत, नोकरींत अडचण येई, आणि मनाला घोर लागे तो वेगळाच. म्हणून १९७९ मध्यें अमेरिकन तज्ज्ञांच्या मंडळानें व १९८० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हीं नांवें टाकून दिलीं. साखरेचें पाणी पाजून दोन तासांनीं रक्तांतील प्रमाण १४० ते १९९ मिलिग्रॅम भरलें, तर 'साखर पचविण्याची शक्ति मंदावली आहे' एवढेंच म्हणावें, असें ठरलें. उपाशीपोटींच्या साखरेची खालची रेषा १९९७ मध्यें ११० वर आंखली गेली; २००३ मध्यें अमेरिकन संस्थेनें ती १०० वर आणिली, पण जागतिक संघटनेनें ११० च कायम ठेविली. म्हणजे एकाच सकाळीं १०५ आंकडा असलेला गृहस्थ एका मंडळाच्या मतें सावधगिरीच्या यादींत, तर दुसऱ्याच्या मतें यादीबाहेर! राज्यांच्या सीमांप्रमाणें याहि सीमा माणसांनीं आंखिल्या आहेत. शरीराला त्यांची गणती नाहीं. तेथें चढण आहे, पायरी नाहीं.

मग ही उठाठेव कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर चीनमधील दाचिंग शहरानें दिलें. १९८६ मध्यें तेथें अशा मधल्या अवस्थेंतील ५७७ जणांवर सहा वर्षांचा प्रयोग सुरू झाला. कांहींना आहार व व्यायाम यांचें वळण लावलें, कांहींना नेहमींप्रमाणें राहूं दिलें. वळण लागलेल्यांत मधुमेह कमी झाला. आणि तीस वर्षांनीं पाहतां त्यांच्यांत मृत्यूहि कमी आढळले. फिनलंडमध्यें २००१ सालीं व अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हाच उपाय मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनीं घटवितांना दिसला. भारतांत चेन्नईच्या डॉक्टरांनीं ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. येथें ही घट सुमारें २८ टक्के भरली. लाभ कमी, पण निःसंशय.

आपल्या लोकांच्या बाबतींत कोडें अधिक बिकट कां, यावर पुण्यानें प्रकाश पाडला आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील बालकांचें जन्माचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो. पण या किरकोळ बालकांत कमी होते ते स्नायु. चरबी मात्र त्या मानानें टिकून होती. दिसावयास कृश, पण आंतून स्थूल! 'मी कांहीं लठ्ठ नाहीं, मला कशाची साखर?' हें आपल्याकडील घरोघरचें वाक्य या अभ्यासानें लंगडें केलें आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें देशांत १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत, आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लक्ष.

या इतिहासाचें तात्पर्य थोडक्यांत असें. उंबरठ्यावरच्या सर्वांनाच रोग होतो असें नाहीं. कांहीं तेथेंच राहतात, कांहीं सुखरूप मागें फिरतात. म्हणून वाढलेला आंकडा हा निकाल नव्हे, ती सूचना आहे. परंतु या अवस्थेला बहुधा वेदना नसते, तहान नसते, मुंग्याहि नसतात. मोजल्यावांचून ती कळत नाहीं. डॉबसनला जिभेनें चाखावें लागलें. आपणांस बोटाला एक सुई टोंचून घेणें पुरतें. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कुटुंबियानें, आणि ज्यांच्या घराण्यांत हा रोग आहे त्यांनीं त्याहूनहि आधीं, डॉक्टरांच्या सल्ल्यानें एवढी तसदी घ्यावी. रोगाची चाहूल रोगाच्या आधीं लागावी, ही चरकाची इच्छा पुरी होण्यास पुष्कळ शतकें लागलीं. ती आपल्या आळसामुळें व्यर्थ जाऊं नये, इतकीच विनंति आहे.