झाडाच्या पोटातले दुष्काळ

ओक हे झाड आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी गोष्टींतच पाहिलेले असते. परदेशी राहणाऱ्या आमच्या भाचे-पुतण्यांच्या दारात ते असेलही. हिमालयात जाऊन आलेल्यांनी त्याचा भाऊबंद ‘बांज’ पाहिला असेल. आपल्या नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) मात्र ओक नाही. तरी सुरुवात त्याच्यापासून केली, कारण दुष्काळाची नोंद ठेवण्याची जी कला ओकाला साधली आहे, तीच आपल्याकडच्या एका झाडालाही साधली आहे. ते झाड म्हणजे साग.

आधी ओकाचे पाहू. थंड देशात झाड हिवाळ्यात झोपते आणि वसंतात जागे होते. जागे झाल्याबरोबर ओक मोठमोठ्या नळ्यांचे सच्छिद्र लाकूड घालतो, त्यासाठी मागच्या वर्षीची साठवण बरीच खर्च होते. मग उन्हाळ्यात घट्ट लाकूड. पाऊस बरा झाला तर हा घट्ट पट्टा रुंद होतो, नाही झाला तर अरुंद. असे दरवर्षी एक वलय. बऱ्याच झाडांची वलये एकमेकांशी जुळवून, मग जुन्या घरांच्या तुळया आणि दलदलीत गाडलेले ओंडके त्यांना जोडून युरोपातल्या अभ्यासकांनी दहा हजार वर्षांहून लांब साखळी तयार केली आहे. या शास्त्राचा पाया अमेरिकेत ॲरिझोनात डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने घातला. तो शोधत होता सूर्यावरच्या डागांचे चक्र, आणि हाती लागले झाडांचे पंचांग!

आता आपल्याकडे या. आपल्या बांधावरची झाडे म्हणजे कडुनिंब, बाभूळ, चिंच, वड. यांची वलये नीट वाचता येत नाहीत. पेमगिरीचा वड केवढा विस्तारलेला, पण हिशेब विचारला तर गप्प. सागाचे तसे नाही. तो उन्हाळ्यात पाने झाडून उभा राहतो आणि पावसाबरोबर वाढीला लागतो. वाढ सुरू होताना ओकासारखीच मोठ्या छिद्रांची एक ओळ घालतो. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांना ही सवय आहे. त्यामुळे सागाचा बुंधा आडवा कापला की वर्षे मोजता येतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी हे काम पुष्कळ वर्षे केले आहे. केरळातल्या सागांवरून त्यांनी १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका लावली आणि ती २०१० साली प्रसिद्ध केली. पॅसिफिक महासागराचे पाणी तापते, ज्याला एल निनो म्हणतात, त्या दुष्काळी वर्षांत सागाची वलये बारीक झालेली त्यांना दिसली. आता आपली सनावळी आठवा. मलिक अहमदने अहमदनगर वसवले ते १४९० साली. म्हणजे आपले शहर वसण्याच्याही नऊ वर्षे आधीपासूनची ही वही आहे! त्याच २०१० साली आशियाभरच्या तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षवलयांवरून मोसमी पावसाच्या दुष्काळांचा नकाशासंग्रह तयार झाला. त्यात १८७६-७८ चा दुष्काळ ठळकपणे उठून दिसतो.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत दुष्काळ एका ओळीत यायचे. दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० चा, १८७६ चा, छपन्नचा (म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००) आणि आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला १९७२ चा. मुले पाठ करायची आणि विसरायची. पण या नावांमागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करायला मला सागाने शिकवले.

१६३० चेच घ्या. पाऊस गेला हे खरे. पण त्याच वेळी शहाजहानच्या फौजा दख्खनेत होत्या आणि निजामशाही शेवटचे श्वास घेत होती. धान्य मिळेना, वाटा सुरक्षित नाहीत. देहूला तुकोबांच्या घरातली माणसे याच दुष्काळात गेली. झाडाला यातले काय ठाऊक? त्याला पाण्याची कमतरता समजते, घोड्यांच्या टापा समजत नाहीत.

१८७६ आणि १९७२ शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेळी पावसाने दगा दिला. दोन्ही दुष्काळ पाहिलेला एखादा साग असेल तर त्याच्या पोटात दोन्ही वर्षे सारखीच बारीक निघायची. माणसांचे मात्र तसे झाले नाही. १८७६-७८ मध्ये दख्खनेत माणसे अन्नान्न करून मेली. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. तो मार्ग १८७८ साली सुरू झाला. आजही मनमाडकडे जाताना आपण त्यांच्याच घामावरून जातो.

१९७२ ला आम्ही विशीत होतो. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची कामे, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, मुलांना मिळणारी सुकडी हे सगळे पाहिले. हाल झालेच, जनावरे गेली, पण १८७६ सारखे माणसांचे मरण आले नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याला तोच नमुना ठरला.

म्हणजे अवर्षण आभाळातून येते. दुष्काळ आभाळ आणि माणूस यांच्यामध्ये घडतो. झाड अवर्षणाची साक्ष देते, दुष्काळाची साक्ष आपल्यालाच द्यावी लागते.

झाडाची साक्षही उलटतपासणी करूनच घ्यावी लागते. श्रावणात लांब उघडीप पडून नंतर पाऊस आला तर साग कधी एका वर्षात दोन वलये दाखवतो, त्यातले एक खोटे. अगदीच वाईट वर्षी एखादे वलय बुंध्याच्या एका बाजूला उमटतच नाही. कधी बारीक वलयाला कुऱ्हाडही कारण असते. दुष्काळात चाऱ्यासाठी झाडे ओरबाडली जातात, मग पुढच्या बऱ्या पावसातही झाड लवकर सावरत नाही. म्हणून एका झाडावर विश्वास ठेवायचा नाही, दहा-वीस झाडे जुळवायची.

हिवरे बाजारने १९८९-९० पासून याच गोष्टी उलट्या दिशेने करून दाखवल्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर नाही, आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवायची. पाऊस वाढला नाही, हिशेब वाढला. साग जे लाकडात लिहितो, ते या गावाने फळ्यावर लिहिले.

आता मुद्द्याचे. आपल्या जिल्ह्यातले जुने वाडे आणि माळवदाची घरे पडत आहेत. त्यांतले सागवानी खांब, तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, रंधा मारला जातो, टोके कापून चुलीत. त्या टोकांतच वलये असतात. तुळई कुठल्या जंगलातली हे आधी ठरवावे लागते, कारण ती पाऊस सांगेल तो त्या जंगलाचा. सालीलगतचे पांढुरके लाकूड शिल्लक असेल तर झाड केव्हा तोडले याचा अंदाजही जवळ येतो. कागदपत्रांना वाळवी लागली तिथे एवढा पुरावा काही थोडा नाही.

तेव्हा मंडळी, विशेषतः ज्यांच्या गावाकडच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या आहेत ते नातेवाईक, एवढे करा. वाडा उतरवताना तुळईच्या टोकाची चार बोटे जाडीची एक चकती कापून ठेवा. मागे गाव, वाड्याचे साल आणि लाकूड कुठून आले याची घरातली आठवण लिहा. अभ्यास करणारा कुणी भेटला तर त्याला द्या. नाही भेटला तर नातवंडांना वलये मोजायला बसवा. दुष्काळ पाठ करण्यापेक्षा बोटाने मोजलेला बरा लक्षात राहतो, हे चाळीसेक वर्षे वर्गात उभे राहून आलेले अनुभवाचे बोल. असो.