छापा, छपणे आणि अच्चु

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका बोळात दोन पोरं रुपया उडवून भांडत होती. ‘छापा’ म्हणणारा हरला होता आणि ते कबूल करायला तयार नव्हता. त्यांच्या डोक्यावर मंडळाचा वार्ताफलक टांगलेला: नळाला पाणी कधी, रक्तदान कुठं, कोण वारलं, सावडणं किती वाजता. संपादक नाही, पगार नाही. ज्याच्या हाती खडू तो बातमीदार. मी अशाच बिनपगारी पत्रांचं कूळ शोधायला आलो होतो, पण अडकलो त्या पोराच्या शब्दात. नाण्याचा छापा, पोलिसांचा छापा आणि छापखान्यातला छापा, हे तिघे एकमेकांचे कोण?

उत्तराचं टोक पलीकडच्या हातमागावर सापडलं. विणकर मामा पद्मशाली, घरात तेलुगू. छापण्याला तुमच्यात काय म्हणतात, असं विचारलं. म्हणाले, ‘अच्चु.’ मग मागावरच्या फणीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हा पण अच्चुच.’

फणी म्हणजे बारीक दातांची चौकट. ताण्याचे धागे तिच्या फटींतून ओवलेले असतात. धोटा इकडून तिकडे गेला की मामा फणी अंगाकडे ओढतात आणि आडवा धागा ठप्पकन जागेवर बसतो. हा दाब बसेपर्यंत नुसते धागे असतात; कापड त्यानंतर होतं. छापखान्यातही तेच. जुळाऱ्याने खिळे जुळवले, शाई फिरवली, तरी कागदावर दाब बसेपर्यंत ते नुसतं शिसं. कन्नडमध्येही ‘अच्चु’ला साचा, छपाई आणि मागाची फणी असे तिन्ही अर्थ आहेत. हे निरनिराळे शब्द असून योगायोगाने सारखे ऐकू येतात, असं कुणी म्हणेल. म्हणो. ज्या गावात 1877 साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी उभी राहिली आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत नांदल्या, तिथे हा योगायोग मला पुरेसा बोलका वाटतो.

आता आपल्या ‘छापा’कडे. एक पक्ष त्याला पोर्तुगीज ठरवतो. त्या भाषेत ‘शापा’ म्हणजे धातूचा पत्रा, जुना उच्चार ‘चापा’च्या जवळचा, आणि भारतातला पहिला छापखाना 1556 साली पोर्तुगिजांनीच गोव्यात आणला. जुळणी देखणी आहे, पण उच्चार आड येतो. त्यांच्या ‘शाव्ह’ची आपण ‘चावी’ केली, ‘छावी’ नाही. मग याच शब्दात ‘छ’ कुठून आला? शिवाय ठशांनी कापड छापण्याची कला इथे त्यांच्या कितीतरी आधीपासून होती; इजिप्तमधल्या फुस्तातच्या ढिगाऱ्यांत गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडे मिळाले आहेत. उलट आपलाच ‘छाप’ व्यापाऱ्यांबरोबर परदेशी गेला आणि इंग्रजीत शिक्क्याला ‘चॉप’ म्हणू लागले. पहिल्या पक्षाचा दावा मी इथेच फेटाळतो.

दुसरा पक्ष तगडा आहे. तो म्हणतो, धाडीचा छापा ‘छपणे’पासून आला. छपणे म्हणजे दडून बसणे, ‘छुपा’ त्यातलाच. मावळे झाडीत छपायचे आणि मग छापा घालायचे, म्हणजे हा शब्द निराळा आणि ठशाचा निराळा. इथे मी अर्धा सहमत आहे. छपणे खरं, पण निराळं का? मराठीतली दुसरी जोडी पाहा: दडणे आणि दडपणे. एकात लपणं, दुसऱ्यात दाब. जे दाबलं ते झाकलं गेलं, जे झाकलं ते दिसेनासं झालं. छापणे आणि छपणे याच चालीची भावंडं आहेत, असं माझं म्हणणं. ‘छप्पर’ही त्याच घरातलं असावं, असा आपला अंदाज.

या भावंडांची पहिली ताटातूट सरकारने केली. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण सक्तीचं झालं. वर्तमानपत्राच्या तळाशी ‘अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले’ अशी जी ओळ आपण कधी वाचत नाही, ती तिथली. तिचा अर्थ सरळ: छापायचं असेल तर छपायचं नाही.

पत्रांच्या कुळातले थोर सगळ्यांना ठाऊक आहेत: 1832 चं ‘दर्पण’, 1877 चा ‘दीनबंधु’, 1920 चा ‘मूकनायक’. सोलापूरची शाखा मात्र 1930 साली पोळली. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला आणि 12 मेला लष्करी कायदा लागला. ‘कर्मयोगी’चे संपादक राजवाडे यांना शिक्षा झाली. ‘गझनफर’ चालवणारा विशीतला कुर्बान हुसेन 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात धनशेट्टी, सारडा आणि शिंदे यांच्यासह फासावर गेला. गझनफर म्हणजे सिंह. उघड्यावर उभं राहायची ती किंमत होती.

त्याच काळात मुंबईत बिननावाची बुलेटिनं निघाली, सायक्लोस्टाईलवर. छापणं आणि छपणं पुन्हा एकत्र आलं. देवनागरी टंकयंत्र हाताशी नसेल तर मेणकागदावर पोलादी टोकाच्या लेखणीने अक्षरं कोरायची. हात जड पडला की ‘ठ’चं पोट गळून पडायचं आणि कागदावर नुसता काळा ठिपका उमटायचा. शाई भोकातून झिरपते, म्हणून भोक हेच अक्षर. सोलापुरी चादरीवर नाव विणतात तेही पुठ्ठ्यांना पाडलेल्या भोकांच्या हुकमाने. भोक असेल तिथेच धागा उचलला जातो. पुढे 1955 साली ‘शब्द’ या साहित्यपत्राने सायक्लोस्टाईललाच साहित्यात आणलं आणि ‘अनियतकालिक’ हा झकास शब्द रूढ होत गेला: निघेल तेव्हा निघेल.

परत येताना पोरांनी भांडण मिटवून रुपयाच्या गोळ्या आणल्या होत्या. फलकावरची पाण्याची वेळ कुणीतरी फडक्याने पुसून नवी लिहिली होती. खालचं अर्धं अक्षर ओलं, वरून खडू घसरत होता. या पत्राला खिळा नाही, शाई नाही, दाब नाही. म्हणजे माझ्या व्युत्पत्तीत ते बसतच नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. बातमी छापायला दाब लागतो आणि बातमी मारायची तर तीही आपण ‘दाबतो’च. फळ्यावर यातलं काहीच चालत नाही. तिथे छापा घातला तरी हाती लागेल तो ओला फडका.