कोंडी मुळाशी सोडवण्याची कुळकथा

पश्चिम द्रुतगती महामार्गावरून अंधेरीला निघालेली गाडी दिंडोशीच्या फाट्याआधी फिल्म सिटी रोडला वळणाऱ्यांच्या रांगेत सापडली, की पुढचा रस्ता मोकळा असूनही तिला हलता येत नाही. अडचण एका फाट्याची, पण भोगतात ज्यांना तिकडे जायचंच नाही ते. महासंगणकाच्या आतल्या जाळ्यातही नेमकं हेच होतं.

आणि तिथे त्याची किंमत मोठी असते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2018 साली बसवलेल्या, 4 पेटाफ्लॉप क्षमतेच्या ‘प्रत्युष’ महासंगणकाचं काम पाहा. हवामानाचं गणित करताना पृथ्वीचे बारीक तुकडे पाडून ते हजारो प्रोसेसरांना वाटून दिले जातात. प्रत्येक जण शेजारच्या तुकड्यातला वारा, दाब आणि बाष्प मागून घेतो, तेव्हाच पुढच्या टप्प्याचं गणित सुरू होतं. एक निरोप रखडला तरी बाकीचे ताटकळतात. दिंडोशीवर पाऊस केव्हा कोसळेल हे सांगणारा अंदाज पाऊस पडून गेल्यावर हाती आला, तर त्याचा उपयोग काय?

या दुखण्याचं निदान 1985 साली झालं. आयबीएमच्या ग्रेगरी फिस्टर आणि ॲलन नॉर्टन यांनी दाखवून दिलं, की रहदारीचा लहानसा हिस्सा जरी एकाच ठिकाणी वळला, तरी तिथला स्विच तुंबतो, मग त्याच्या मागचे तुंबतात आणि कोंडी झाडाच्या फांद्यांसारखी मागे पसरत जाते. त्या ठिकाणाशी काही देणंघेणं नसलेले निरोपही तीत सापडतात.

पुढच्याच वर्षी इंटरनेटलाही कोंडीचा फटका बसला. ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलेतल्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला. दोन्ही संस्थांमधलं अंतर जेमतेम 400 यार्ड! व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली मांडलेला उपाय असा: पॅकेट हरवलं की कोंडी झाली असं समजायचं आणि पाठवणाऱ्याने आपला वेग उतरवायचा. इंटरनेट त्यावर तरलं. महासंगणकाला मात्र हा उपाय परवडणारा नव्हता. तिथे पॅकेट हरवून पुन्हा पाठवण्यात जाणारा वेळही फार.

महासंगणकांची रीत वेगळी होती. त्याच 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संगणन संशोधन संस्था उभी राहिली आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपांची बोलण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. एक बाइट पाठवायचा, तर सुरुवातीला 2 बिट आणि शेवटी 1 बिट जोडून 11 बिटांचा निरोप जाई. पलीकडून 2 बिटांची पोच येई. ‘आणखी एका बाइटला जागा आहे’, असा तिचा अर्थ. ती आल्याशिवाय पुढचा बाइट हलत नसे. आजच्या इन्फिनीबँड जाळ्यात हीच शिस्त मोठ्या प्रमाणावर पाळली जाते: समोरच्याने आपल्या बफरमधली मोकळी जागा कळवायची आणि तेवढंच पाठवायचं.

जागा पाहून पाठवणाऱ्या या पहिल्या घराण्यात काही हरवत नाही. पण जागा नाही म्हणून एक थांबला की त्याच्या मागचा थांबतो, आणि फिस्टर-नॉर्टन यांनी दाखवलेली कोंडी इथेच जन्मते. तिच्यावरचा इलाज दुसऱ्या घराण्यातून आला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतल्या के. के. रामकृष्णन आणि राज जैन या भारतीय संशोधकांनी 1988 मध्येच सुचवलं होतं, की पॅकेट टाकून देण्याची वाट कशाला पाहायची? रांग वाढू लागली की जाणाऱ्या पॅकेटवर एका बिटाची खूण करा, घेणाऱ्याने ती पाठवणाऱ्याला कळवावी आणि त्याने हात आखडता घ्यावा. इन्फिनीबँडमध्ये कोंडी आवरण्याची जी सोय पुढे आली, तिचा मूळपुरुष हाच एक बिट.

तिसरं घराणं वाट बदलणाऱ्यांचं. लेस्ली व्हॅलियंट यांनी 1982 मध्ये सिद्ध केलं, की निरोप आधी कुठल्याही एका ठिकाणी पाठवून तिथून मुक्कामी नेला, तर वाट लांबते पण गर्दी विखुरते. ‘प्रत्युष’चं क्रे कंपनीचं ‘एरीज’ जाळं याच वंशातलं. सरळ वाट तुंबलेली दिसली की ते वळसा घालून जातं.

सी-डॅकने ‘परम’ मालिकेसाठी ‘परमनेट’ हे स्वतःचं जाळं घडवलं. 2008 च्या ‘परम युवा’त त्याचा वेग सेकंदाला 10 गिगाबिटांवर गेला. आता राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत ‘त्रिनेत्र’ हे जाळं आलं आहे. प्रोसेसर विकत आणता येतात, जाळंही आणता येतं. पण स्वतःचं जाळं घडवताना कुणाला थांबवायचं आणि कुणाला पुढे सोडायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. तीनही घराण्यांचा अनुभव सांगतो, की रस्ता रुंद केल्याने कोंडी नुसती पुढे सरकते. मुक्कामच तुंबला असेल, तर तिचा बंदोबस्त पाठवणाऱ्याच्या दारातच करावा लागतो, आणि आवर घालायचा तो रांग लावणाऱ्याला, तिच्यात नाहक सापडलेल्याला नव्हे.