अभियंता, स्थलांतरित, कादंबरीकार : झाम्यातिनच्या लेखनाची एक दिशा

येवगेनी झाम्यातिन (१८८४–१९३७) याची ओळख बहुधा ‘ऑर्वेलचा पूर्वसूरी’ अशी करून दिली जाते. ऑर्वेलने १९४६ मध्ये ‘आम्ही’ या कादंबरीचे परीक्षण केले आणि १९४९ मध्ये त्याची ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली, हा क्रम या ओळखीला पुरेसा वाटतो. मात्र त्यामुळे ‘आम्ही’ ही निव्वळ यंत्रविरोधी संहिता ठरते, आणि तिचा कर्ता नौका-अभियंता होता ही गोष्ट चरित्रातील किरकोळ तपशील म्हणून उरते.

झाम्यातिनने सेंट पीटर्सबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये नौकाबांधणीचे शिक्षण १९०८ मध्ये पूर्ण केले व पुढे तेथेच अध्यापन केले. १९१६ मध्ये तो रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या हिमभंजक नौकांच्या कामावर देखरेख करण्यासाठी इंग्लंडला गेला. न्यूकॅसलच्या या वास्तव्यातून ‘द्वीपवासी’ ही लघुकादंबरी आली. तिच्यातील धर्मोपदेशक माणसांचा सक्तीने उद्धार करू पाहतो आणि त्यासाठी जीवनाचे वेळापत्रक आखतो. ‘आम्ही’मधील एकराज्याचे बीज येथे दिसते, आणि ते सोव्हिएत सत्तेत वा यंत्रात नसून एका प्रतिष्ठित इंग्रजी गावाच्या नीतिव्यवस्थेत आहे, हे लक्षणीय ठरते.

‘आम्ही’चा निवेदक डी-५०३ हा स्वतः अंतराळयानाचा निर्माता आहे. त्याची भाषा गणिताची. पण त्याला अस्वस्थ करणारे उणे एकाचे वर्गमूळही गणितातलेच. जशी शेवटची संख्या नसते तशी शेवटची क्रांतीही नसते, हा आय-३३० चा युक्तिवादही गणिताच्याच आधारे उभा राहतो. म्हणजे येथील संघर्ष विज्ञान विरुद्ध भावना असा नसून, विज्ञानाला पूर्णविराम देऊ पाहणारी सत्ता आणि विज्ञानाची मूलतः अपूर्ण असणारी प्रकृती यांच्यातील आहे. १९२३ च्या निबंधात झाम्यातिनने साहित्यविचारासाठी ‘एन्ट्रॉपी’ ही ऊष्मागतिकीतील संकल्पना वापरली, तीही याच भूमिकेतून.

स्थलांतराचा विचारही येथे नेहमीच्या चौकटीत बसत नाही. लेखकाआधी संहिताच देशाबाहेर पडली : ‘आम्ही’ १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत आली, १९२७ मध्ये तिचे अंश प्रागच्या रशियन नियतकालिकात छापले गेले. त्यावरून १९२९ मध्ये त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली गेली. १९३१ मध्ये त्याने स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. गॉर्कीच्या मध्यस्थीने ती मिळाली. पॅरिसमध्येही त्याने सोव्हिएत पारपत्र सोडले नाही आणि निर्वासितांच्या वाङ्मयीन वर्तुळांपासून तो बव्हंशी दूर राहिला. रन्वारच्या १९३६ च्या ‘द लोअर डेप्थ्स’ या चित्रपटाच्या पटकथेत त्याचा सहभाग होता. अटिलावरील कादंबरी मात्र अपुरी राहिली.

या अपुरेपणाचे कारण केवळ भाषाविच्छेदात शोधणे अपुरे वाटते. झाम्यातिनची प्रतिभा व्यवस्थेच्या आत राहून तिचे सांधे तपासणारी होती. इंग्लंडमध्ये तो परका होता, तरी गोदीत त्याच्या हाताला काम होते. पॅरिसमध्ये परकेपण उरले, काम मात्र उरले नाही. ‘आम्ही’ १९८८ मध्ये रशियात छापली गेली, तेव्हा संहितेचा परतीचा प्रवास पूर्ण झाला. तिच्या कर्त्याला ती परतवाट मिळाली नाही.