राखेचे जाणते आणि पानाचे जाणते : तंबाखूवरील एका व्याख्यानाचा आराखडा

अनभिज्ञ श्रोत्यांपुढे बोलणे तुलनेने सोपे असते. वक्त्याजवळ माहिती असते, श्रोत्यांजवळ कुतूहल असते आणि या दोहोंमधील अंतर कापत कापत तासभराचे व्याख्यान पार पडते. विषयात मुरलेल्या श्रोत्यांपुढे मात्र हे अंतर नाहीसे होते, किंवा उलटे होते. सातारा-सांगलीच्या परिसरात बोलणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्या सांगलीत नाटकावर बोलताना भल्याभल्यांची जीभ जड होते. मकरसंक्रांतीला औदुंबरला भरणाऱ्या साहित्य संमेलनात समोर बसलेला शेतकरी शेतीविषयक कविता ऐकताना तिच्यातले पीक आणि महिना जुळतो की नाही हेही तपासत असतो.

आम्हा काही प्राध्यापक मित्रांपुढे एका नियोजित व्याख्यानाच्या निमित्ताने असाच प्रश्न उभा राहिला. विषय चिरुटाचा, म्हणजे ओघानेच तंबाखूचा इतिहास. आणि श्रोते कृष्णाकाठचे, ज्यांच्या दोन-तीन पिढ्या तंबाखू लावण्यात, वाळवण्यात, विकण्यात किंवा ओढण्यात गेल्या आहेत असे. त्यांना तंबाखूविषयी नवे काय सांगणार? हा प्रश्न केवळ वक्तृत्वाचा नाही, असे आम्हांला विचारान्ती वाटू लागले. ‘अनुभवी श्रोता’ म्हणजे नेमका कशाचा अनुभव असलेला श्रोता, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तंबाखूच्या इतिहासातच सापडते.

प्रारंभ शब्दांपासून करता येईल. ‘चिरूट’ हा शब्द मुळात तमिळ. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळणे, गुंडाळी. पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या तोंडी फिरून तो आपल्यापर्यंत आला. ‘विडी’ आपली, तिचे नाते विड्याशी आणि विड्याचे संस्कृत ‘वीटिके’शी. तीही पान दुमडण्या-गुंडाळण्याच्या क्रियेवरूनच सिद्ध झालेली. म्हणजे साहेबी चिरूट असो की चार आण्यांची विडी, दोन्ही नावांत ओढणाऱ्याचा मागमूस नाही. आहे तो वळणाऱ्या हाताचा. भाषेने हा हात जपून ठेवला. शौकाच्या इतिहासाने मात्र तो जवळजवळ पुसून टाकला.

शौकीन जाणकाराचा आदर्श नमुना इंग्रजी साहित्याने दिला आहे. 1887 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्स खोलीतल्या राखेवरून ती त्रिचनापल्लीच्या चिरुटाची आहे हे ओळखतो. तंबाखूंच्या राखांवर आपण प्रबंध लिहिला असल्याचेही तो सांगतो. ज्ञान म्हणून हे थक्क करणारे खरे. पण हे ज्ञान जिथे वस्तू संपते तिथून सुरू होते. त्रिचनापल्लीला ते पान कोणी खुडले, कोणी वळले, याच्याशी त्या प्रबंधाला कर्तव्य नाही. अशा जाणकारांना आम्ही ‘राखेचे जाणते’ म्हणू. वाटेल त्या सभेत ते पहिल्या रांगेत बसलेले असतात आणि वक्ता नकळत त्यांच्यासाठीच बोलू लागतो.

जाणत्यांच्या सभेत तंबाखूवर झालेले एक अत्यंत जुने भाषण योगायोगाने आपल्याच मुलखाशी जोडलेले आहे. सातारा, कराड, मिरज हा सारा प्रदेश तेव्हा आदिलशाहीत होता. अकबराचा वकील असदबेग विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी आला, तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि 1604च्या सुमारास ती आग्र्याला नेली. या प्रसंगाचे वर्णन त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. वक्ता म्हणून त्याची तयारी पाहण्याजोगी आहे. त्याने आधी वस्तू सजवली : आचीनहून आलेली लांब नळी, तिच्या टोकांना जडावकाम, तोंडाशी यमनी अकीक, सोन्याचे धूपपात्र, आदिलशहाकडून मिळालेल्या विड्याच्या बटव्यात भरलेली तंबाखू, आणि हे सारे चांदीच्या तबकात. बादशहाने ‘हे काय’ असे विचारावे यासाठीच ही मांडणी होती, आणि त्याने तसे विचारलेही.

बादशहाने दोन-चार झुरके घेताच हकीम आडवा आला. आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही. परक्या लोकांची अपरीक्षित रीत आपण का उचलावी, असा त्याचा आक्षेप. असदबेगचे उत्तर वादपटूचे होते. जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. फिरंगी लोकांतही शहाणे आहेत. पारखून पाहण्याआधीच नाकारणे हा कुठला न्याय? बादशहा त्याच्या युक्तिवादावर प्रसन्न झाला. दरबारी मंडळींनी तंबाखू मागून नेली, व्यापारी ती आणू लागले आणि चाल पसरली. बादशहाने मात्र ती स्वतः अंगीकारली नाही, आणि हकिमाचेही मन अखेरपर्यंत वळले नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग वादसंवादाचा नमुना म्हणून जरूर वाचायला द्यावा. सामान्यतः आपण यात असदबेगच्या बाजूने उभे राहतो, कारण तो नव्याची बाजू मांडतो आणि हकीम ग्रंथप्रामाण्याची. पण या सभेत हकीम हरला तो वक्तृत्वात. त्याचे ‘परीक्षा झालेली नाही’ हे वाक्य खरे होते. ती परीक्षा पूर्ण व्हायला साडेतीन शतके लागली. 1950 साली डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधील रुग्णांच्या अभ्यासातून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, आणि पुढच्या संशोधनाने विडी, चिरूट, हुक्का, चघळायची तंबाखू यांतले काहीच निर्धोक नसल्याचे सिद्ध केले. असदबेगच्या सभेकडून वक्त्याने दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, वस्तू आधी दाखवावी आणि प्रश्न श्रोत्यांकडून येऊ द्यावा. दुसरी, आपले भाषण रंगले म्हणून प्रतिपक्ष खोटा ठरत नाही.

दुसरी सभा क्यूबातली. हवाना येथील ‘एल फिगारो’ या चिरुटांच्या कारखान्यात 1865च्या डिसेंबरात एक प्रथा सुरू झाली. कामगार रांगेने बसून चिरूट वळत आणि एक जण त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. वाचणाऱ्याच्या बुडालेल्या कामाची भरपाई इतर कामगार करीत. पुढे वेगळा वाचक नेमला जाऊ लागला, त्यालाही कामगारच आपल्या मजुरीतून पैसे देत, आणि कोणते पुस्तक वाचायचे हेही तेच ठरवीत. सकाळी वर्तमानपत्रे, नंतर कादंबऱ्या. पुढल्याच वर्षी सरकारने या वाचनावर बंदी घातली, यावरून त्याचे सामर्थ्य कळावे. बंदीनंतरही प्रथा मेली नाही. ती समुद्र ओलांडून फ्लोरिडातील क्यूबन वस्त्यांत गेली. 1891च्या नोव्हेंबरात होसे मार्ती हा कवी टँपा येथे स्वातंत्र्याची भाषणे करायला उभा राहिला, तेव्हा त्याच्यापुढे वर्षानुवर्षे कादंबऱ्या ऐकलेले चिरूट-कामगार होते. ‘माँटेक्रिस्टो’ या 1935 पासूनच्या प्रसिद्ध चिरुटाचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले, तेही याच वाचनपरंपरेची खूण म्हणून.

तंबाखूच्या इतिहासात याहून जाणता श्रोता आम्हांला आढळत नाही. तो चिरुटाविषयीचे भाषण ऐकत नव्हता. चिरूट त्याच्या हातात होता आणि कान जगाकडे लागलेले होते. तंबाखूच्या पानातली शीर बोटांना जाणवत असतानाच तो ह्यूगो ऐकत होता. हा ‘पानाचा जाणता’. त्याच्यापुढे बोलणाऱ्याला त्याचा धंदा त्यालाच समजावून सांगण्याचे कारण नसते. त्याला द्यायचे असते ते त्याच्या कामापलीकडचे जग, आणि त्या जगात त्याच्या कामाला असलेली जागा.

आता कृष्णाकाठी यावे. आजचा सांगली जिल्हा 1949 साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा या दोन जिल्ह्यांचा भूतकाळ बराचसा एकच आहे. सांगली-मिरजेपासून जयसिंगपूर, चिकोडी, निपाणीपर्यंतचा पट्टा विडीच्या तंबाखूसाठी ओळखला गेला, गुजरातेतील चरोतरसारखाच. चिरुटाला अखंड, पातळ, न फाटलेले पान लागते, कारण त्याचे पोटही तंबाखूचे आणि आवरणही तंबाखूचेच. विडीची तंबाखू चुरून तेंदूच्या पानात भरली जाते. म्हणून इथल्या शेतकऱ्याची पारख वेगळी. शेंडे खुडायचे, फुटवे काढत राहायचे, पानावर तांबूस ठिपके उमटले की कापणी करायची, उन्हात वाळवायची. ही सारी विद्या डोळ्यांत आणि बोटांत साठलेली असते. तिच्यावर कोणी होम्स प्रबंध लिहीत नाही.

आणि या विद्येला भाव कोण ठरवणार, हा प्रश्न शेवटी रस्त्यावर आला. 1981च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला; सातारा-कराडवरून जाणारा तोच हा रस्ता. 6 एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास निपाणीच्या वखारींमध्ये तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या स्त्रियाही संघटित होत होत्या. त्यांच्या लढ्यावर छाया दातार यांनी ‘वेजिंग चेंज’ (1989) हे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यापूर्वी 1966 साली संसदेने केलेल्या कायद्याच्या नावात विडी आणि सिगार यांचे कामगार शेजारी शेजारी आले होते. व्यवहारात मात्र त्यांच्यात मोठे अंतर राहिले. क्यूबातला कामगार एका छपराखाली बसत होता, म्हणून त्याला वाचक ठेवता आला. केरळमध्ये कण्णूरच्या दिनेश बिडी सहकारी संस्थेच्या (स्थापना 1969) कामशाळांतही वर्तमानपत्रे मोठ्याने वाचली गेली. आपल्याकडची विडी मात्र बहुतांशी घरोघरच्या उंबऱ्यांवर वळली गेली. सूप मांडीवर, पोर बाजूला, आणि ऐकायला सोबत कोणी नाही. सामूहिक श्रवणाला लागणारे छप्परच जिथे नाही, तिथे श्रोतृसमुदाय कसा घडणार? मराठी साहित्यात विडी ओढणारी माणसे पानोपानी भेटतात आणि ती वळणारी बाई क्वचितच, याचे एक कारण आम्हांला इथे दिसते.

तेव्हा आमच्या व्याख्यानाचा आराखडा साधारणतः असा ठरतो. सुरुवात वस्तूने करावी : एक वाळलेले पान, एक विडी, एक चिरूट, आणि पानाविषयी श्रोत्यांनाच विचारावे. अशा बोलण्याचे धडे या भूमीत आहेत. गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांतूनच उभे राही. व्यसनाविषयी ते श्रोत्याच्याच तोंडून श्रोत्याला सांगत. येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील शेतकऱ्याच्या बोलीतच राज्य म्हणजे काय ते उलगडून दाखवीत. दोघांनीही श्रोत्याचे ज्ञान भांडवल म्हणून वापरले, अडसर म्हणून नव्हे. त्यानंतर विजापूर ते आग्रा हा प्रवास सांगावा आणि हकिमाला त्याचे पूर्ण म्हणणे मांडू द्यावे. पुढे हवाना, आणि तिथून थेट निपाणी.

शौकाची वर्णने थोडक्यात उरकावीत. सुवासाची, चवीची विशेषणे सभेला हमखास खूश करतात, पण 2003च्या कायद्याने तंबाखूच्या ज्या जाहिरातीला बंदी घातली, तिचेच काम ती विशेषणे नकळत करू लागतात. आणि आरोग्याचा मुद्दा शेवटी चिकटवलेल्या उपदेशासारखा येऊ नये. तो पानाच्या जाणत्यांच्या अंगाने यावा : ओली पाने हाताळताना कातडीतून भिनणारे निकोटिन, वखारीतली धूळ, वळणाऱ्या स्त्रीचा खोकला. ओढणाऱ्याला इजा होते हे आता सर्वांना ठाऊक आहे. न ओढणाऱ्या हातांनाही ती होते, हे ठाऊक असणारे लोक त्या सभेत बसलेले असतील, फक्त त्यांना आजवर कोणी बोलायला सांगितलेले नसेल.

म्हणून व्याख्यानाच्या तासातली शेवटची वीस मिनिटे वक्त्याची नसावीत, असे आम्ही ठरवले आहे. ती मागच्या रांगेला द्यावीत, विशेषतः स्त्रियांना. पहिली रांग थोडी अस्वस्थ होईल. पण साहित्याच्या अध्यापकांनी श्रोत्यांना काही द्यायचे असेल, तर आपले शब्द देण्यापूर्वी त्यांच्या शब्दांना जागा करून द्यावी. त्या वीस मिनिटांत जे बोलले जाईल, ते टिपून घेण्यासाठी आमचे विद्यार्थी वह्या घेऊन तिथे बसलेले असतील.