३२० गावं आणि १८६ गावं

२०२४च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास माझ्या आत्याच्या खात्यात तीन हजार रुपये आले. ‘लाडकी बहीण’चे पहिले दोन हप्ते, एकदम. त्याच संध्याकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातल्या एका काकांनी लिहिलं, की आता शेतात कामाला बाई मिळणार नाही, आणि हा पैसा शेवटी कुठल्या दुकानात जातो ते सगळ्यांना माहीत आहे. आत्या त्याच ग्रुपवर आहे. ती काही बोलली नाही. मीही नाही.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे साध्या बटणाचा रंग बदलायचा असला तरी आधी निम्म्या लोकांना नवं बटण दाखवतात, निम्म्यांना जुनं, आणि मग आकडे बघतात. त्यामुळे काकांचा मेसेज वाचून मला प्रश्न पडला, की हे असं कुणी मोजलंय का? मोजलंय. मेक्सिकोत, १९९७ साली. (मी त्याच वर्षी जन्मलो.)

डिसेंबर १९९४मध्ये मेक्सिकोचं चलन, पेसो, कोसळलं. पुढच्या वर्षात अर्थव्यवस्था सुमारे सहा टक्क्यांनी आकसली. एर्नेस्तो सेदियो नुकतेच अध्यक्ष झाले होते, आणि अर्थखात्यात उपमंत्री होते सांतियागो लेव्ही, मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. सरकार गरिबांवर खर्च करत होतंच. टॉर्टिया, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, स्वस्त मिळावी म्हणून अनुदान होतं. पण ती स्वस्त टॉर्टिया शहरात मिळायची. डोंगरातल्या खेड्यात जी बाई घरचा मका दळून घरीच भाकरी थापते, तिला त्यातलं काहीच पोचत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त गरिबी तिच्याच घरात होती. लेव्हींचं म्हणणं होतं, की भाकरी स्वस्त करण्याऐवजी त्या बाईच्या हातात पैसे द्या. १९९५मध्ये काम्पेचे राज्यात छोटा प्रयोग करून पाहिला आणि ऑगस्ट १९९७मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही योजना सुरू झाली.

पैसे दर दोन महिन्यांनी, थेट आईला. घराच्या एकूण खर्चाच्या सरासरी एक-पंचमांश. त्याला अटी होत्या: सगळ्यांची दवाखान्यात नियमित तपासणी, आईने आरोग्याच्या बैठकांना जायचं, मुलांची शाळेत ८५ टक्के हजेरी. शिष्यवृत्ती तिसरीपासून नववीपर्यंत, इयत्तेगणिक वाढत जाणारी, आणि सातवीपासून मुलींना मुलांपेक्षा थोडी जास्त. ही शेवटची तरतूद कुणीतरी खेडं नीट पाहून केलेली आहे. सहावीनंतरची शाळा बऱ्याचदा दुसऱ्या गावात असते, आणि मुलीला तिथे धाडायचं की घरी भावंडं सांभाळायला ठेवायचं, हा हिशेब आपल्याकडेही कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

आता मोजणीकडे येतो. सात राज्यांतली ५०६ गावं निवडली. त्यातल्या ३२० गावांना १९९८च्या मध्यापासून पैसे सुरू झाले. उरलेल्या १८६ गावांना १९९९ संपेपर्यंत थांबावं लागलं. कुठलं गाव कुठे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. दर सहा महिन्यांनी पाहणी करणारे दोन्हीकडे जायचे आणि तेच प्रश्न विचारायचे: काय खाल्लं, काय विकलं, मुलगी शाळेत जाते का.

त्या १८६ गावांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. जुनं बटण दिसणाऱ्या माणसाचं काही बिघडत नाही. इथे एखाद्या मुलीची सहावी त्या दीड वर्षात संपली असेल, आणि तिचं घर कोरा रकाना म्हणून उपयोगी पडलं. यावर उत्तर असं दिलं जातं, की सगळ्यांना एकदम द्यायला पैसे आणि यंत्रणा नव्हतीच. कुणीतरी मागे राहणार होतं, तर निदान ते चिठ्ठीने ठरावं, पुढाऱ्याच्या ओळखीने नाही. मला हे उत्तर पटतं. तरी बोचतं.

निकाल काय? टी. पॉल शुल्ट्झ यांच्या अभ्यासात सहावी संपवून पुढे जाणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांवरून ६९वर गेलं, मुलींमध्ये वाढ जास्त. पण माझा आवडता आकडा दुसराच आहे. पॉल गर्टलर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की मिळालेल्या दर पेसोतले ७४ सेंटाव्हो घरखर्चाला गेले आणि २६ जनावरं, कोंबड्या, शेती, छोटा धंदा यांत. हे करा असं योजनेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्या घरात उद्याचाच भरवसा नसतो तिथे कोंबडी घेणं हा जुगार असतो. रोग आला की पैसे बुडाले. दोन महिन्यांनी काहीतरी नक्की येणार आहे, हे कळल्यावर तो जुगार परवडायला लागतो.

अजून एक. मनुएला अँजेलुची आणि जाकोमो दे जॉर्जी यांना आढळलं, की त्या ३२० गावांत ज्या घरांना पैसे मिळतच नव्हते, तीही आधीपेक्षा बरं खाऊ लागली. म्हणजे हातउसने मिळायला लागले, नात्यागोत्यात मदत फिरायला लागली. आणि दारूचं म्हणाल, तर डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी २०१४मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. काकांना हे पाठवलं नाही अजून.

सगळं गोडच होतं असं नाही. तपासण्या, बैठका, पैसे घ्यायला रांगेत उभं राहणं, हे सगळं बाईच्याच माथी. मॅक्सीन मॉलिन्यू यांनी यावर नेमकं बोट ठेवलंय: पैसे आईच्या नावाने आले, पण आई म्हणूनच, अटी पाळायच्या त्या तिने, बापाला काही विचारलेलं नाही.

मोजणीमागे लेव्हींचा एक राजकीय हेतूही होता. मेक्सिकोत प्रत्येक नवा अध्यक्ष आधीच्याची योजना गुंडाळतो, हा रिवाजच. आकडे भक्कम असतील तर गुंडाळणं अवघड जाईल, असा तो डाव. २०००मध्ये ७१ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला, विसेंते फॉक्स आले, आणि योजना टिकली. नुसती टिकली नाही, शहरांतही गेली. नाव झालं ‘ओपोर्तुनिदादेस’. २०१४मध्ये ‘प्रोस्पेरा’. ६० लाखांहून जास्त कुटुंबं. मग २०१९मध्ये लोपेस ओब्रादोर यांच्या सरकारने ती बंद केली. शिष्यवृत्त्या वेगळ्या नावाने राहिल्या, दवाखान्याशी बांधलेला भाग गेला. आकडे तेव्हाही तेच होते.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आत्याला विचारलं, त्या पैशांचं काय केलंस. किराणावाल्याची उधारी फेडली म्हणाली. आणि एकटीला शेळी परवडत नव्हती, म्हणून शेजारणीबरोबर निम्म्या वाट्याने एक घेतली.

“दर महिन्याला येत राहणार असतील तर दुसरी माझी एकटीची घेते,” ती म्हणाली. “येतील का रं पुढं?”

मी म्हणालो, बघून सांगतो.